तुलनेचा तारा

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आत्ता उठले. आमची सकाळ दुपारी होते हे तुला इतक्या वर्षांत पटलेलं नाही, त्यामुळे "अजून लोळतेयस काय" हे तू म्हणालीस ते मला इथपर्यंत ऐकू आलं. वेधशाळेच्या वसतिगृहात खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत. जेवणघरात आम्ही सगळे उजेडाला डोळे बारीक करून बसतो, चहात पाव बुडवतो आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तुला इथे आणलं तर पहिल्याच दिवशी तू सगळ्यांना बोलतं करशील.

एक काम आहे. आमची संस्था शाळेतल्या मुलांसाठी मासिक काढते. त्यात दर वेळी कुणीतरी शास्त्रज्ञ आपण या कामात कसे आलो ते लिहितो. या वेळी संचालकांनी ते माझ्या गळ्यात घातलं. बाकीचे सगळे खेड्यातले, अंगणात पडून तारे बघितलेले. भर शहरात वाढलेली मी एकटीच. "तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तुम्हाला आकाश सापडलं कुठे, ते लिहा," म्हणाले. लिहायला बसले तर धड काही आठवेना. खिडकीसमोरची भिंत आठवते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आठवतात, आणि खिडकीशी आलेला रस्त्यावरचा दिवा, ज्याच्या उजेडात मी अभ्यास करायचे. आप्पांनी एकदा गल्लीतले दिवे घालवले होते, असं तू सांगायचीस. ते नीट लिहून पाठव. आप्पांनाही विचार, पण ते अर्ध्या वाक्यात उत्तर देतील, म्हणून भिस्त तुझ्यावर. आई गेली तेव्हा मी वर्षाची होते. माझं लहानपण म्हणजे तुला जे आठवतं तेवढंच.

माझा तारा मजेत आहे. दोन वर्षं हळूहळू उजळत चाललाय. का, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तेच माझ्या पथ्यावर पडलंय. त्यावरचा निबंध छापून आला की इथली नोकरी कायम होईल. मग तुम्हा दोघांना इकडे आणायचं, असं मी ठरवून टाकलंय. तुझं मत विचारलेलं नाही.

तुझी
धाकटी

२१ फेब्रुवारी

धाकटे,

मत न विचारता ठरवायची सवय तुला मीच लावली, आता भोगते. औषधांच्या दुकानातून आले, चहा टाकला आणि लिहायला बसले. हल्ली डॉक्टरांची अक्षरं फारच बिघडली आहेत, नाहीतर माझा चष्मा तरी बदलायला झालाय.

तर ऐक. तू सहा वर्षांची होतीस. शाळेत बाईंनी सांगितलं की आकाशात हजारो तारे असतात. तू घरी येऊन भांडायला उभी राहिलीस, बाई खोटं बोलतात, मी गच्चीवरून मोजले, दहा-बाराच आहेत. आप्पा तेव्हा वीज खात्यात रस्त्यावरच्या दिव्यांच्या टोळीचे मुकादम. ते म्हणाले, दिव्यांच्या उजेडात बाकीचे दिसत नाहीत. झालं, तू त्यांच्याच अंगावर धावून गेलीस. आपल्या घरात आप्पांनी काय दिवे लावले हा थट्टेचा विषय होताच, त्या दिवसापासून तो पक्का झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडीची गाडी गल्लीत आणली, "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी उभी केली आणि अंधार पडताच गल्लीतले सगळे दिवे घालवले. आपण टाकीमागे उभे होतो. तू तोंड उघडं टाकून इतका वेळ वर बघत राहिलीस की मी मागून तुझी मान धरली. आप्पांना वरून तंबी मिळाली, ती त्यांनी मुकाट्याने गिळली. तुझं शास्त्र तिथून सुरू झालं.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं. "असं नव्हतं ते," म्हणाले. मग कसं होतं, विचारलं, तर उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. हल्ली त्यांचं हे असंच चाललंय. भाजीत मीठ दोनदा पडलं म्हणतात. गॅस चालू राहिला होता म्हणतात, आणि मी बंद केलेला मला स्वच्छ आठवतं. परवा किल्ल्या कुठेतरी ठेवल्या, शोधून मी थकले, तर म्हणे त्या तुझ्याच पिशवीत होत्या. मी हसण्यावारी नेते. वय झालं, दुसरं काय. पण शहरातल्या प्रत्येक खांबाचा नंबर ज्या माणसाला तोंडपाठ होता, त्याचं असं झालेलं बघवत नाही ग.

ताई

४ एप्रिल

प्रिय ताई,

लेख छापून आला. अंक सोबत आहे. तू लिहिलंस त्यातला शब्दही बदलला नाही, फक्त मी भांडखोर होते ते गाळलं. संचालक पोट धरून हसले. आमच्यात एक आकडेमोडीचा किडा आहे, त्याला आम्ही गणिती म्हणतो. तो म्हणाला, दिवे लावणाऱ्याच्या पोटी अंधार शोधणारी निघाली.

आता आप्पांचं. तुझ्या मधल्या दोन पत्रांतही तेच आहे, म्हणून मी आमच्याकडे अधूनमधून येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ज्याचं विसरणं सुरू होतं त्याला ते स्वतःला कळत नाही. तो चूक शेजारच्यावर ढकलतो. वस्तू आपणच ठेवतो आणि घरच्यांनी लपवली म्हणतो, आपण केलेलं काम केलं नाही म्हणतो. ते एकेक सांगत होते आणि मला आपले आप्पा समोर दिसत होते. मी खोलीवर येऊन रडले. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस, हो ला हो म्हण. गॅसवर मात्र तूच डोळा ठेव.

तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त काम करते. हे तुला कधी बोलले नव्हते.

तुझी
धाकटी

२ मे

धाकटे,

अंक मिळाला. समोरच्या काकूंना दाखवला, भाजीवाल्याला दाखवला, जिन्यात एक बाई भेटली तिलाही दाखवला. ती म्हणाली, कालही दाखवलात की. मी हिला जन्मात पाहिलेली नाही. हल्ली कुणाचं काय सांगावं.

दुकान सोडलं. मालकच म्हणाले, इतकी वर्षं केलंत, आता घरी थांबा, वडिलांकडे बघायला हवं. भला माणूस. निरोप देताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही.

आप्पा आता सावलीसारखे मागे असतात. बाजारात निघाले की जरा अंतर ठेवून येतात. मी थांबले की थांबतात आणि एखाद्या खांबाकडे बघण्याचं सोंग करतात. स्वयंपाक करते तेव्हा दारात उभे. मी पातेलं उतरवलं की पुढे होऊन शेगडीच्या बटणाला हात लावून बघतात. काल मी ओरडले त्यांच्यावर. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा, आणि म्हणाले, "होईल ग नीट." मग मलाच रडू आलं. काय नीट होणार आहे, त्यांनाच ठाऊक.

हो, तुझ्या लेखात एक राहिलं. दिवे घालवले तेव्हा आईसुद्धा गच्चीवर होती. तिने तुला शालीत गुंडाळून धरलं होतं. पुढच्या वेळी घाल.

मी दमलेय धाकटे. सकाळी उठले की आधी अंगात भीती असते, कशाची ते कळत नाही. तू सांगशील तसं करू.

ताई

१५ मे

प्रिय आप्पा,

हे पत्र एकट्याने वाचा, ताईसमोर नको. रागावणार असाल तर आधी चहा घ्या आणि मग रागवा.

ताई थकली आहे. तुमच्यासाठी तिने दुकान सोडलं, हे ती तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही. तिच्या मागे फिरणं, गॅस तपासणं, मिठावरून बोलणं, यात तुम्हाला काही वावगं वाटत नसेल, पण तिच्या नाकी नऊ आले आहेत. आता तुम्ही तिच्या डोक्यात भरवलंत की दिवे घालवले तेव्हा आई गच्चीवर होती. आप्पा, मी सहा वर्षांची असताना आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. ताई बिचारी तुमचं खरं मानून मला लिहून मोकळी झाली. ती अशी नव्हती हो. तिला एवढं साधं गणित चुकेपर्यंत तुम्ही दमवलंय.

तुमच्या खात्यातल्या निवृत्त लोकांसाठी शहराबाहेर जे घर आहे, तिथे मी चौकशी केली. डॉक्टर असतात, बाग आहे, तुमच्या टोळीतले एकदोघं तिथेच आहेत. महिनाभर राहून बघा. मी स्वतः येते, तुम्हाला पोचवते आणि तो महिना ताईजवळ राहते. हा माझा शब्द.

तुमची
धाकटी

२४ मे

धाकटे,

पत्र एकट्याने वाचलं.

आई गच्चीवर होती असं मी कधी म्हटलेलं नाही. बाकी तू लिहितेस तसं असेल तर असो. जायला माझी ना नाही. अट एकच. महिना म्हणालीस तो पुरा राहायचं. तिला एक दिवसही एकटं ठेवायचं नाही. तिच्या हातचं जेव. तिच्याबरोबर बाजारात जा. तिला जुन्या गोष्टी विचार, आणि कालच्याही विचार. मग मला न्यायला ये आणि तुला काय दिसलं ते सांग.

माझा जन्म खांबावर गेला, बोलण्यातलं मला जमत नाही. हे तू तुझ्या डोळ्यांनी बघावंस म्हणून मी जातोय, दुसरं कारण नाही.

आप्पा

१९ जून

प्रिय ताई,

पोचले. तू रागावली नाहीस असं दारात म्हणालीस, पण ते मला निघता यावं म्हणून असणार. महिनाभर राहायला आले आणि तीन दिवसांत पाठ फिरवली.

खरं सांगू, तुला पाहून माझा जीव भांड्यात पडला. पत्रांवरून वाटलं होतं की तू पार खचली असशील. तू तर दारातच "काय ही दशा, तिथे तुला खायला घालतात की नुसते तारे दाखवतात" म्हणून सुरू झालीस. तीन दिवस आपण नुसत्या हसत होतो. तू मला गंभीर चेहऱ्याने "यंदा कितवीत गेलीस" म्हणून विचारलंस तेव्हा तर माझं पोट दुखलं. तुझी थट्टेची खोड काही गेली नाही. आप्पा नाहीत तर तू किती मोकळी असतेस हे बघूनच मी निघायला धजावले.

गणितीची तार का आली, ते तिथे गडबडीत धड सांगितलं नाही. आता सांगते, तुला कळेल. हवा रोज सारखी नसते. कधी धूळ, कधी विरळ ढग. त्यामुळे एखादा तारा आज किती तेजस्वी दिसला, या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. मग आम्ही त्याच्या शेजारचा एक तारा धरतो, जो कधीच बदलत नाही अशी खात्री आहे असा. त्याला म्हणायचं तुलनेचा तारा. दोघांचा फोटो एकत्र घ्यायचा आणि आपला तारा त्याच्याहून किती कमी, किती जास्त, तेवढंच मोजायचं. मी धरलेला तुलनेचा तारा भरवशाचा, मोठमोठ्यांनी वापरलेला. गणितीने सहज म्हणून तो आणखी काही ताऱ्यांशी ताडून पाहिला, तर तोच मंदावत चाललाय. दोन वर्षं तो विझत होता आणि मी म्हणत बसले की माझा तारा उजळतोय. त्याच्यावर मला एकदाही शंका आली नाही. येणार कशी, मी सगळं त्याच्यावरूनच तर मोजत होते.

छापायला गेलेला निबंध परत मागवला. तोंडात मारल्यासारखं झालंय. सगळी मोजणी नव्याने करायची, आणि तो भाग आता थोडेच आठवडे आकाशात आहे, मग सूर्याआड जाईल. दुर्बीण आत्ता मिळाली आहे. सोडली तर वर्ष गेलं, आणि बहुतेक नोकरीही.

मी परत आले हे आप्पांना कळवू नकोस, त्यांना शब्द दिला होता. समोरच्या काकूंना सांगून आलेय, त्या येऊन जातील. तू भरपूर झोप. पुढच्या महिन्यात येतेच.

तुझी
धाकटी

२९ जून

धाकटे,

आप्पा अजून आले नाहीत. दूध आणायला म्हणून गेले ते गेलेच. मी त्यांच्यासाठी चहा केला, तो निवला, परत केला. आता ओट्यावर सगळीकडे कपच आहेत. मला वाटतं सकाळचीच गोष्ट आहे, पण एवढे कप कसे झाले कळत नाही.

कपाटात त्यांचे कपडे नाहीत. चपला नाहीत. कुणी नेलं असेल का ग त्यांना? समोरच्या काकू म्हणतात, तुम्हीच त्यांना त्या घरात ठेवलंत ना. मी का ठेवीन? मी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग फार रडले.

तुझं दप्तर पण दिसत नाही. शाळा सुटली असेल. वाटेत कुठे रेंगाळू नकोस, सरळ घरी ये आणि आतून कडी लाव. मी आप्पांना बघून येते. आज त्यांची डेपोत पाळी असेल. हे पेटीत टाकते आणि तशीच पुढे जाते.

ताई

८ जुलै

धाकटे,

तार मिळाली असेल, तू निघालीही असशील. तरी लिहितो, कारण तू समोर आलीस की माझ्याने बोलवणार नाही.

ताई डेपोत सापडली. तो डेपो आता खात्याचा राहिलेला नाही, तिथे मालाचे ट्रक उभे असतात. ट्रकखाली शिरून दुरुस्ती करायचे खड्डे आहेत, त्यातल्या एकात ती पडली होती. सकाळी कामगार आले तेव्हा त्यांना आवाज आला. ती मला हाक मारत होती. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यापासून मला ओळखते, दुसऱ्या कुणाला नाही.

मला हे दीड वर्ष माहीत होतं. सुरुवात घरात झाली, यंदा एप्रिलात ते दुकानापर्यंत गेलं. तिने एका बाईला दुसऱ्याचंच औषध बांधून दिलं, मालकाने वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. तो मला येऊन भेटला. मीच म्हटलं, काढून टाकू नकोस, माझं कारण सांग आणि घरी बसव. तोवर तिने सगळं माझ्यावर घ्यायला सुरुवात केली होती. मीठ मी विसरलो, गॅस मी विसरलो. मी घेऊ दिलं. आपलं काही बिघडलंय हे तिला कळू नये, एवढंच माझ्या हातात होतं. मला तपासायचंय असं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांना गुपचूप तिलाच तपासायला लावलं. ते म्हणाले, यावर औषध नाही, हिला एकटं सोडू नका.

तुला कळवलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस. ताईने तिच्या आयुष्यात एकच गोष्ट मनासारखी तडीस नेली, ती म्हणजे तू. त्यावर मला पाणी सोडवेना. पुढे पुढे माझ्याने एकट्याने होईना. तेवढ्यात तुझं पत्र आलं. म्हटलं, महिनाभर राहील, बघेल, मला तोंडाने सांगावं लागणार नाही. तू तीन दिवसांत गेलीस हे मला काकूंचा फोन आला तेव्हा कळलं. पाहुणं माणूस आलं की ती चार दिवस सावरून असायची, हे तुला लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही.

आणि ते दिव्यांचं. असं नव्हतं म्हणालो, ते खरंच असं नव्हतं. दिवे मी ताईसाठी घालवले. शेपटीचा तारा आला होता. वर्तमानपत्रात वाचून ती माझ्या मागे लागली होती. तू तेव्हा दोन वर्षांची, तिच्या खांद्यावर झोपलेली. तिला कॉलेजात तेच शिकायचं होतं, पुस्तकंही आणली होती. मग तुला कोण सांभाळणार, म्हणून राहून गेलं. पुढे तुला झोपवताना ती गोष्ट सांगायची आणि त्यात स्वतःच्या जागी तुला उभं करायची. आता तिला तेच खरं वाटतं.

मी तुला दोष देत नाही. ये लवकर.

आप्पा

६ डिसेंबर

प्रिय आप्पा,

पोचले. इथे थंडी आहे, माझी खोली होती तशीच ठेवली आहे. कुणी काही विचारत नाही, सगळे हळू आवाजात बोलतात.

पाच महिने मी तिच्या शेजारच्या पलंगावर झोपले. तिला आंघोळ घातली, भरवलं, केस विंचरले. ती मला दर वेळी "तुम्हाला किती त्रास" म्हणायची. सुरुवातीला मी रोज सांगायचे, ताई, मी धाकटी. ती हसायची, "नाही हो, धाकटी एवढीशी आहे." एकदा मी हट्टाला पेटले, जुने फोटो काढले, तिच्यापुढे धरले. ती घाबरली. म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण खोटं कशाला बोलता?" मी फोटो परत कपाटात ठेवले. तुम्ही ते दारातून बघत होता, मला माहीत आहे. काम काय करता, असं तिने विचारलं तेव्हा तारे बघते म्हणाले, तेव्हापासून मी तारेवाल्या बाई झाले. परवा निघाले तेव्हा भिंत धरत धरत दारापर्यंत आली, पाहुण्याला पोचवतात तशी, आणि "पुन्हा या" म्हणाली. मी जिन्यात बसून राहिले.

माझ्या माघारी गणितीने मोजणी पुरी केली. माझा तारा मुळात बदलतच नव्हता. तो दुसरा मंदावतोय हीच खरी नवी गोष्ट निघाली, आणि सगळे मला त्यावर निबंध लिहायला सांगतायत. संचालकांनी नोकरी कायम करायचं पत्र तयार ठेवलंय. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली ते टेबलावर पडलं आहे, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

मी राजीनामा लिहिला आहे. अजून दिलेला नाही. आप्पा, तुम्ही सांगा. मी आले तर त्याचा तिला काही उपयोग आहे, की फक्त मला? मला आता दुसरं काही नको. तिने एकदा मला "धाकटे" म्हणून रागवावं, एवढंच हवंय.

तुमची
धाकटी

१७ डिसेंबर

धाकटे,

राजीनाम्याचं मला विचारू नकोस. तुझ्या वतीने मी एकदा ठरवलं, त्याचं काय झालं ते आपण दोघं बघतोय.

सोबतचं पत्र ताईचं आहे. तिने तारेवाल्या बाईंचा पत्ता मागितला, मी दिला. बरेच दिवस थोडं थोडं लिहीत होती. मी काही सुचवलं नाही, काही खोडलं नाही. पाकीटही ती स्वतःच चिकटवणार म्हणत होती, पण मी वाचलं आहे.

आप्पा

बाई,

तुम्ही नीट पोचलात का? तुम्ही गेल्यापासून करमत नाही. केस आता आप्पा विंचरतात, त्यांचा हात जड आहे.

तुमच्याकडे एक काम होतं, ते सांगायचं राहिलं. आमची धाकटी तिकडेच असते. तीही तारे बघते. खूप हुशार आहे, पण हेकट आहे आणि वेळेवर जेवत नाही. थोडी तुमच्यासारखी दिसते, पण लहान आहे. बरेच दिवस तिचं पत्र नाही. पत्र लिहायचा कंटाळा करणारी ती नाही, म्हणजे कामात असेल.

तुम्ही तिला शोधाल का? जवळ कुणी मोठं माणूस असलेलं बरं. तिथे तिला कुणी बोललं तर तिची बाजू घ्या. ती भांडते, पण नंतर एकटी रडते.

मला काहीतरी झालंय. आप्पा सांगत नाहीत, पण मला कळतं. ते तिला सांगू नका. ताई बरी आहे म्हणा. नाहीतर ती हातातलं काम टाकून धावत येईल.

धाकटीची
ताई